परसबाग : माघातील कामे, वैशाखातील भाजी

दिवाळी आटोपते, जमिनीत पावसाळ्याची ओल अद्याप टिकून असते आणि सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावेसे वाटू लागते, त्या सुमारास महाराष्ट्रातील परसबागा भरात येतात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वांगी, टोमॅटो, कुंपणावर चढलेला वाल किंवा पावटा, यांपैकी काही ना काही ज्याच्या दारी थोडीफार जागा आहे त्याच्याकडे हटकून दिसते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची जी मिश्र भाजी घरोघरी केली जाते, ती म्हणजे हिवाळी परसबागेची जणू हजेरीच होय. पावटे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, वालाच्या शेंगा, असे त्या दिवसांत जे जे हाताशी असते ते सारे त्या एका भाजीत येते.

या सुकाळातच एक फसगत दडलेली आहे. हिवाळ्यात बाग आपोआप चांगली दिसते. माळी नवखा असला तरी थंडी त्याला सांभाळून घेते. म्हणून या दिवसांत बागेत करावयाचे काम म्हणजे पाणी घालणे आणि भाजी खुडणे एवढेच, अशी समजूत होऊन बसते. वसंताची तयारी हिवाळ्यात करावी, असे थंड मुलुखांतील बागकामाची पुस्तके सांगतात. तेथे वसंत म्हणजे बर्फ वितळून जमीन जागी होण्याचा काळ. आपल्या पंचांगातील वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. देशावरील माणसाच्या लेखी तो उन्हाळा होय. आपल्याकडे हिवाळ्यात करावयाची तयारी ती या उन्हाळ्याची, आणि तिच्यासाठी मिळणारे दिवस फार थोडे असतात. पौषाच्या उत्तरार्धापासून माघ संपेपर्यंत, म्हणजे ढोबळमानाने जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. माळावरचा पळस केशरी झाला की हे दिवस सरत आल्याचे समजावे.

प्रस्तुत लेखकाला हा धडा जरा अवघड रीतीने मिळाला. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका गावी जानेवारी महिन्यात शाळेची परसबाग पाहण्याचा योग आला. बाग देखणी होती. आखीव वाफे, त्यांना विटांच्या तिरप्या कडा, प्रत्येक वाफ्यावर मुलांनी रंगवलेली नावाची पाटी. छायाचित्र काढून घेतले, ते छापूनही आले. त्याच वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कामानिमित्त त्या गावावरून जाताना सहज शाळेत डोकावलो. विटांच्या कडा होत्या, पाट्याही होत्या. वाफ्यांत शेळ्यांच्या लेंड्या आणि भेगाळलेली माती होती. यात कोणा शिक्षकाची हयगय झाली होती असे म्हणवत नाही. मे महिन्याच्या प्रारंभी शाळा सुटली, विंधन विहिरीचे पाणी खाली गेले आणि बाग गेली. चूक असलीच तर ती मे महिन्यातील नव्हती. जानेवारीत, आम्ही छायाचित्र काढीत होतो त्या दिवसांत, पुढच्या चार महिन्यांचा विचार कोणीच केलेला नव्हता. आम्हीही तो प्रश्न विचारला नाही.

शाळांतील परसबागेविषयी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तत्पूर्वीही आपल्या राज्यात अनेक शिक्षकांनी स्वतःच्या उमेदीने अशा बागा उभ्या केल्या होत्या. दुपारच्या आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे ५० ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गातील मुलामागे ७५ ग्रॅम भाजी असावी, असे माप ठरविलेले आहे. चाळीस मुलांच्या प्राथमिक शाळेस म्हणजे रोज दोन किलो भाजी लागते. एवढी भाजी शाळेमागच्या चार वाफ्यांतून रोज निघेल अशी अपेक्षा कोणी धरू नये. आठवड्यातून दोन दिवस ताजी पालेभाजी आमटीत पडली तरी ती बाग कामी आली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र भाजीची खरी चणचण हिवाळ्यात नसतेच. त्या वेळी आठवडी बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग पडलेले असतात. चणचण भासते ती मार्चनंतर. पाणी आटते, पालेभाजी महागते आणि खेड्यातील गरीब घराच्या ताटातून हिरवा रंग नाहीसा होतो. शिवाय, दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही मुलांना शिजवलेला आहार द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ सालचा आदेश आहे. ज्या गावांत पाणी सर्वांत कमी, नेमक्या त्याच गावांत मे महिन्यात शाळेची चूल पेटावयाची असते. परसबागेचे मोल तेथे ठरते.

पाण्याचा हिशेब प्रथम मांडू, कारण पुढील सर्व कामे त्यावरून ठरतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे गणित सहावी-सातवीच्या मुलांनाही करता येते. डिसेंबरात पठारी भागात उघड्या पृष्ठभागावरून दिवसाकाठी तीन-चार मिलिमीटर पाणी उडून जाते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हे प्रमाण दहा मिलिमीटरच्याही वर जाते. वीस चौरस मीटरच्या बागेस हिवाळ्यात सत्तर-ऐंशी लिटर पाण्यात भागत असेल, तर तिलाच मे महिन्यात दोनशे लिटर लागू शकतील. तेव्हा दोनच मार्ग उरतात. बागेचा आकार निम्म्यावर आणावयाचा, किंवा उडून जाणारे पाणी अडवावयाचे. शहाणा माळी दोन्ही करतो, आणि दोहोंची सुरुवात थंडीतच करतो.

पाणी कोठून आणावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरामागच्या मोरीतच असते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होते. त्यातील पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी वगळले तरी बरेचसे अंघोळीचे, भांड्यांचे आणि धुण्याचे पाणी बाहेर जाते. आपल्या आज्या मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ लावीत, ते उगाच नव्हे. साबणाच्या पाण्याविषयी शंका घेतली जाते. ती अगदीच निराधार नाही. धुण्याच्या सोड्याचे पाणी रोज एकाच वाफ्यात सोडल्यास जमीन चोपण होते. म्हणून ते पाणी वाळू-खडीच्या छोट्या खड्ड्यातून पुढे न्यावे, पाळीपाळीने जागा बदलावी आणि पालेभाजीऐवजी केळ, अळू, शेवगा, नारळ यांच्या मुळाशी सोडावे. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर व मुळा यांना ते मुळीच देऊ नये. शाळेत मुलांचे हात धुण्याचे व ताटे विसळण्याचे पाणी असते. त्याची चर बागेकडे वळविणे हे एका दिवसाचे काम आहे. गावच्या हातपंपाभोवती साचणाऱ्या डबक्याचीही तशीच वाट लावता येते. पंचायत सदस्यांनी मनावर घेतल्यास डासही कमी होतात आणि शेवग्याची चार झाडेही जगतात.

आता थंडीतील नित्याच्या कामांकडे वळू. या दिवसांत बाग बिघडते ती बहुधा अतिपाण्याने. पावसाळ्यानंतर हाताला लागलेली रोज पाणी घालण्याची सवय थंडीतही चालू राहते, माती सदैव गार व चिखलट राहते, आणि झाड पिवळे पडले की पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी बागेस सुट्टी. एरवी सकाळी ऊन वर आल्यावर पाणी द्यावे. निफाडसारख्या ठिकाणी पारा फार खाली उतरतो तेथे कोवळ्या रोपांवर रात्री गोणपाट किंवा जुने लुगडे टाकणे, आणि कडाक्याच्या रात्री पडण्याआधी वाफ्यास हलके पाणी देणे उपयोगी पडते. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा सावकाश निवते, एवढेच त्यामागील कारण.

आभाळ ढगाळले की पावट्याच्या शेंड्यांवर आणि कोबीच्या पानांमागे मावा दिसू लागतो. पहिल्याच दिवशी तो बोटाने चिरडला किंवा शेंडाच खुडून टाकला, तर पुढचे सारे उपाय वाचतात. वाढलाच, तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून संध्याकाळी फवारावी. फवारण्यापूर्वी पाने उलटून पाहावीत. लाल-काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे त्यांवर फिरत असतील तर चार दिवस थांबलेले बरे. ते मावाच खात असतात. मुलांना हे दाखवावे. पाठ्यपुस्तकातील अन्नसाखळी त्यांना एका पानावर पाहावयास मिळेल.

तुळस थंडीत का वाळते, हा प्रश्न बहुतेक घरांतून विचारला जातो. तुळशीचे लग्न होते त्या सुमारास झाड मंजिऱ्यांनी लगडलेले असते. बी धरले की झाडाचे जीवितकार्य संपते. थंडी हे निमित्त. मंजिऱ्या वेळोवेळी खुडत राहिल्यास झाड पुष्कळ दिवस टिकते. एक-दोन मंजिऱ्या मात्र बियांसाठी पिकू द्याव्यात. मोगऱ्याचे तंत्र निराळे आहे. त्याला डिसेंबरात पाणी तोडून विश्रांती द्यावयाची, जानेवारीत फांद्या छाटून बुंध्याशी शेणखत घालावयाचे आणि मग पाणी चालू करावयाचे. मार्चपासून कळ्या येतात. लिंबालाही आंबे बहार धरण्यासाठी असाच ताण देतात. गुलाबाची छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच झालेली असावी. ती राहून गेली असल्यास जानेवारीत जड कात्री न चालवता केवळ वाळलेल्या काड्या व गळालेली फुले काढावीत. कढीपत्ता थंडीत रुसतो. पाने झडली म्हणून त्याला उपटून टाकू नये, फाल्गुनात तो पुन्हा फुटतो.

हिवाळ्यातील सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे बी धरणे. मेथीचा आणि धन्यांचा एखादा कोपरा न खुडता तसाच ठेवावा. वालाच्या वेलीवरील सर्वांत भरलेल्या शेंगांना दोरा बांधून त्या वेलीवरच वाळू द्याव्यात. पहिली चांगली शेंग बियाण्याला आणि उरलेल्या भाजीला, हा क्रम आपल्याकडे हल्ली नेमका उलटा झाला आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह कितीतरी गावठी वाणांचे बी जतन केले, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाची सुरुवात परसबागेतूनच झाली, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. बाजारातील संकरित बियाण्याच्या फळांतून धरलेले बी पुढील वर्षी तसेच निघत नाही, म्हणून बी धरावयाचे ते गावठी वाणाचेच. सावलीत वाळवलेले बी चाळलेल्या राखेत मिसळून, वाळलेल्या भोपळ्यात किंवा झाकणाच्या बरणीत ठेवावे. वाणाचे नाव व वर्ष लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी. चिठ्ठीवाचून ठेवलेले बी पुढच्या वर्षी कोणालाच ओळखता येत नाही. हा अनुभव आमच्याच घरचा आहे.

याच दिवसांत झाडांची पाने गळतात आणि सकाळच्या शेकोटीत किंवा सफाईच्या नावाखाली जाळून टाकली जातात. शाळेच्या आवारातील वाळलेल्या पानांचा ढीग पेटवून देणे म्हणजे मे महिन्यातील पाणी डिसेंबरात जाळण्यासारखेच होय. पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली नाडेप पद्धत आपल्या राज्याने साऱ्या देशाला दिली. हे नावही त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा जाळीदार विटांच्या हौदात काडीकचरा, थोडे शेण व माती यांचे थर देऊन तीन-चार महिन्यांत खत तयार होते. डिसेंबरात भरलेला हौद मार्च-एप्रिलमध्ये हाती येतो. घराला किंवा लहान शाळेला एवढा हौद लागत नाही. तूरकाठ्यांचे किंवा बांबूचे गोल कुंपण करून त्यात पाने, भाजीचे देठ आणि शेणकाला घालीत गेल्यास तेच काम होते. ओल टिकविणे एवढी काळजी पुरे. निम्मी पाने कुजवावीत व निम्मी कोरडीच पोत्यांत भरून ठेवावीत. ती पुढे आच्छादनासाठी लागतात.

माघातील पेरणीपाशी आता येऊन पोचलो. भेंडी, गवार, काकडी, दोडका, घोसाळे, दुधी, कारले, चवळी यांना उगवून येण्यास मातीत ऊब हवी. फार लवकर पेरल्यास बी मातीतच कुजते. फार उशिरा, म्हणजे मार्च उलटल्यावर पेरल्यास रोप मुळावर उभे राहण्यापूर्वीच ऊन कडक होते. संक्रांतीनंतर थंडीचा जोर ओसरू लागला की या पेरणीला हात घालावा आणि फेब्रुवारीबरोबर ती संपवावी. वेलीच्या बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, मोड डोकावल्यावर लावल्यास नांगे पडत नाहीत. वांग्याची हिवाळी झाडे उपटू नयेत. गुडघाभर ठेवून छाटली आणि खत-पाणी दिले तर ती पुन्हा फुटून उन्हाळ्यात फळे देतात.

वेल कोठे लावावयाचे, ही गोष्ट कोणते वेल लावावयाचे याहून अधिक महत्त्वाची आहे. बागेच्या पश्चिमेच्या अंगाला मांडव घालून त्यावर घोसाळे व दुधी चढवावेत. जानेवारीअखेर लावलेले वेल मार्च संपता संपता मांडव भरून टाकतात. दुपारचे मारक ऊन जेव्हा पश्चिमेकडून तिरपे येते, तेव्हा त्यांची सावली आतल्या वाफ्यांवर पडते. त्या सावलीत लाल माठ, तांदुळजा, अळू आणि पुदिना तग धरतात. सावलीसाठी जाळी विकत आणावी लागत नाही, आणि सावलीच भाजी देते. परंतु एप्रिलमध्ये पाने करपू लागल्यावर ही युक्ती सुचून उपयोग नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस, जमीन अद्याप थोडी ओली असताना, साठवलेली पाने, उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा वाफ्यांतून चार बोटे जाडीचा पसरावा. खोडाला मात्र तो टेकू देऊ नये. वाळवीचा उपद्रव असलेल्या जमिनीत आच्छादन वारंवार हलवावे. वेलींच्या आळ्यांत कच्च्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून वर झाकण ठेवल्यास पाणी पाझरत मुळांपर्यंत जाते आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरले तरी चालते. मडके नवे घ्यावे लागत नाही. माठ गार पाणी देईनासा झाला की तो घराबाहेर काढतात. त्याची बाहेरची छिद्रे बुजलेली असतात, ती वीट घासून मोकळी केली की तोच माठ या कामी येतो.

कोकणातील वाचक म्हणतील की यातील पुष्कळसे आमच्याकडे लागू नाही. ते खरे आहे. तेथे थंडीचा कडाका नाही, पण सड्यावर पाणी पळून जाण्याची अडचण देशाहून कमी नाही. नारळाच्या आळ्यात सोडणे उलटी पुरणे आणि वर झावळ्या अंथरणे ही तेथील पिढीजात रीत आच्छादनाचीच होय. शहरांतील सज्जांमध्ये व गच्चीवर बाग करणाऱ्यांनी कुंड्या फेब्रुवारीतच भिंतीपासून दूर व एकमेकींच्या सावलीत घ्याव्यात. तापलेली भिंत रात्रीही मुळे भाजत राहते.

आता शाळेच्या सुट्टीचा प्रश्न. शाळा मे महिन्याच्या आरंभी बंद होते व जूनच्या मध्यास उघडते, विदर्भात त्याहूनही आठवडाभर उशिरा. या दीड महिन्यात पूर्ण बाग जगविण्याचा हट्ट धरू नये. एप्रिलमध्येच निम्मे वाफे मोकळे करून नांगरट केल्याप्रमाणे उलटे करून तापू द्यावेत. त्यामुळे किडींचे कोष व तणांचे बी मरते. मांडव, त्याखालचे दोन वाफे, शेवगा, कढीपत्ता आणि मोरीकाठचे अळू एवढेच राखावे. या राखलेल्या भागासाठी शाळेजवळ राहणाऱ्या चार-पाच घरांशी फेब्रुवारीतच बोलून ठेवावे. पाणी त्यांनी घालावयाचे व सुट्टीतील भाजी त्यांनीच न्यावयाची. जेथे सुट्टीतही आहार शिजतो तेथे स्वयंपाकी भगिनींनाच हा वाटा द्यावा. हे बोलणे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत होऊन इतिवृत्तात आले तर उत्तम, कारण मुख्याध्यापक बदलून गेले तरी इतिवृत्त शाळेतच राहते. शेळ्यांसाठी कुंपणही याच वेळी पाहून घ्यावे. हिवाळ्यात सर्वत्र चारा असतो म्हणून पडके कुंपणही चालते. मे महिन्यात गावातील एकमेव हिरवा तुकडा आपला असेल, तर शेळ्या तो शोधून काढणारच.

परसबागांची पाहणी व स्पर्धा बहुधा हिवाळ्यात होतात. त्यात वावगे काही नाही, मुलांना कौतुक हवेच. तथापि केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी किंवा ग्रामसेवक यांनी उन्हाळी दौऱ्यात पाच मिनिटे शाळेमागे जाऊन यावे, आणि हिवाळ्यात गेल्यास दोन गोष्टी विचाराव्यात : वेलीचे बी लावले काय, आणि वाळलेली पाने कोठे ठेवली आहेत. पुढील खेपेस आम्हीही छायाचित्रकारास मे महिन्यातच घेऊन जावयाचे ठरविले आहे.